सरकता उतार : गावामागच्या डोंगरावर काय पाहावे आणि का

महाराष्ट्रातील मोठ्या दरडींच्या तारखा एकाखाली एक मांडल्या, तर त्यांतील साम्य चटकन नजरेत भरते. महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहन या गावांवर डोंगर आला तो जुलै २००५ च्या शेवटच्या आठवड्यात. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी सकाळी गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. महाड तालुक्यातच तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक जण मृत्युमुखी पडले. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. चारही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. तोपर्यंत पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झालेला असतो आणि उतारावरची माती आत खोलवर भिजलेली असते. शेवटच्या एक-दोन दिवसांचा मुसळधार पाऊस हा त्या घटनेचा अखेरचा टप्पा असतो, सुरुवात नव्हे.

डोंगर कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला कोसळेल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु कोसळण्यापूर्वी उतारावर जी संथ हालचाल चाललेली असते, ती पुष्कळदा डोळ्यांना दिसते, साध्या टेपने मोजता येते आणि ती पाहण्यासाठी भूशास्त्राची पदवी लागत नाही. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या प्रत्येक वस्तीत हे काम नेमाने करणारी दोन-चार माणसे असावीत, असे मला मनापासून वाटते. ती काय पाहतील आणि जे पाहतील त्याचा अर्थ काय, हे या लेखात सांगायचे आहे.

प्रथम हालचालींचे प्रकार पाहू, कारण प्रत्येकाच्या खुणा निराळ्या असतात. सर्वांत संथ प्रकारात मातीचा वरचा थर वर्षाला काही मिलिमीटर ते एखादा सेंटिमीटर इतक्या गतीने उताराकडे सरकत राहतो. माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि प्रत्येक वेळी थोडी खालच्या बाजूला येते. दुसरा प्रकार कड्यावरून सुटा दगड किंवा शिळा निखळून पडण्याचा. घाटरस्त्यांवर आपल्याला बहुतेक वेळा हाच दिसतो. तिसऱ्या प्रकारात मातीचा किंवा मुरमाचा अख्खा तुकडा खालच्या एखाद्या कमकुवत पृष्ठावरून घसरतो. चौथा सर्वांत घातक. घसरलेला माल पाण्यात मिसळून चिखल, दगड आणि झाडे यांचा लोंढा होतो आणि ओढ्याच्या वाटेने खाली येतो. असा लोंढा सेकंदाला पाच मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने येऊ शकतो, म्हणजे अंधारात आणि चिखलात धावणाऱ्या माणसाला त्याच्यापुढे निघून जाणे अशक्य असते. प्रत्यक्षात हे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. वर्षानुवर्षे हळूहळू सरकणारा उतार एखाद्या पावसाळ्यात तुटतो, घसरतो आणि शेवटच्या शंभर मीटरांत लोंढा होऊन वाहतो.

आता सह्याद्रीच्या उताराची घडण पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि थंड झाले. प्रत्येक प्रवाहाचा काही भाग घट्ट, एकसंध काळ्या पाषाणाचा असतो, तर काही भाग वायूच्या पोकळ्यांनी भरलेला, लवकर झिजणारा असतो. घट्ट पाषाणाचे उभे कडे राहतात, मऊ खडकाच्या जागी उतार कमी होऊन टप्पे तयार होतात. दोन प्रवाहांच्या मध्ये कित्येकदा लालसर, चिकणमातीसारखा पातळ पट्टा असतो. त्यातून पाणी सहज खाली मुरत नाही, म्हणून ते त्याच्यावर साचते आणि आडवे वाहत डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. शिवाय आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत हा पाषाण भेगांपासून आत कुजत जातो, कांद्याच्या पाकळ्यांसारखे त्याचे पापुद्रे सुटतात आणि मऊ मुरमात गोल, कठीण गोटे शिल्लक राहतात. मुरूम धुपला की हे गोटे आधारहीन होतात. रस्त्यावर आलेल्या दरडीत माणसाच्या उंचीचे गोलसर धोंडे दिसतात, त्यांतील बरेचसे असे तयार झालेले असतात.

कड्याखालच्या टप्प्यावर वरून पडलेला माल शतकानुशतके साठत राहतो. डोंगर भटकणारे ज्याला घसारा म्हणतात तोच हा माल. त्यात माती, मुरूम, लहानमोठे दगड सगळे एकत्र असते आणि मूळ खडकावर तो केवळ टेकलेला असतो. नेमक्या याच जागी थोडी सपाटी मिळते, नांगरता येईल इतकी माती मिळते, जवळच बारमाही झरा असतो. म्हणून वाड्या तेथे वसल्या. ज्या गुणांमुळे ती जागा राहण्यायोग्य वाटते, ते गुण बहुधा पूर्वी कधीतरी वरून माल खाली आल्याचे चिन्ह असतात. आपल्या वाडीखालची जमीन कशी बनली हे पाहायचे असेल, तर विहिरीसाठी किंवा पायासाठी खणलेल्या खड्ड्याची भिंत निरखावी. वेगवेगळ्या आकाराचे, टोकदार कडांचे दगड मातीत वेडेवाकडे रुतलेले दिसले तर तो वरून घसरून आलेला माल आहे. दगड गुळगुळीत आणि थराथराने लागलेले असतील तर तो ओढ्या-नदीने आणलेला आहे. पूर्वी एकदा डोंगर जिथवर आला, तिथवर तो पुन्हा येऊ शकतो.

मग पाऊस नेमके काय करतो? पाण्यामुळे माती निसरडी होते किंवा जड होते म्हणून घसरते, असा सर्वसाधारण समज आहे. वजन वाढते हे खरे आहे, पण मुख्य कारण ते नाही. समजा, तीस अंशांच्या उतारावर तीन मीटर जाडीचा मातीचा थर आहे. त्याच्या वजनाचा जो भाग खालच्या खडकावर दाब देतो, तो दर चौरस मीटरला साधारण सव्वाचार टन भरतो, आणि जो भाग थराला उताराच्या दिशेने ओढतो तो अडीच टन भरतो. थर जागेवर राहतो तो मुख्यतः घर्षणाने. घर्षण हे दाबावर अवलंबून असते. दगडमिश्रित मुरमासाठी ते दाबाच्या सुमारे सात दशांश धरले, तर तीन टनांचा अटकाव मिळतो. अडीच टनांच्या ओढीला तीन टनांचा अटकाव, म्हणून उतार उभा. आता मातीच्या कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पृष्ठभागापर्यंत पाण्याने भरल्या आणि ते पाणी उतारालगत वाहू लागले, तर ते पाणी स्वतः दाब देऊ लागते आणि मातीच्या कणांना एकमेकांपासून उचलून धरते. वजन सोयीसाठी तेवढेच मानले, तरी कणांमधला परिणामी दाब जवळजवळ निम्म्यावर येतो आणि अटकाव दीड टनावर घसरतो. ओढ मात्र अडीच टनांचीच राहते. राहिलेला एक टन सांभाळण्याचे काम मातीच्या अंगच्या चिकटपणाला आणि झाडांच्या मुळांना करावे लागते. ती ताकद पुरली नाही की थर सुटतो.

हे गणित ढोबळ आहे, पण त्यातून निरीक्षणाची दिशा ठरते. उतारावर किती पाऊस पडला यापेक्षा उताराच्या पोटात किती पाणी साचले आणि त्याला बाहेर पडायला वाट आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. त्यातले बरेचसे ओढ्याने वाहून गेले तर डोंगर निभावतो. भेगांतून, उघड्या चरांतून, बुजलेल्या पाणवाटांतून ते आत शिरले तर उतार धोक्यात येतो.

निरीक्षणाची सुरुवात मेमध्ये, पावसापूर्वी करावी आणि ती खालून नव्हे, वरून करावी. आपण स्वाभाविकपणे घरामागच्या दरडीकडे पाहतो, परंतु तुटणाऱ्या उताराची पहिली खूण बहुतेकदा माथ्याकडे, वस्तीपासून शंभर-दोनशे मीटर वर, जिथे गुराख्याशिवाय कोणी फिरकत नाही अशा जागी उमटते. ती खूण म्हणजे भेग. उन्हाळ्यात चिकणमातीच्या जमिनीला तडे जातातच, त्यामुळे फरक ओळखता आला पाहिजे. सुकण्याने पडलेल्या भेगा जाळीसारख्या, सर्व दिशांना गेलेल्या, उथळ असतात आणि पहिल्या पावसात मिटतात. सरकण्याने पडलेली भेग एकच, लांब, उताराला आडवी आणि अनेकदा दोन्ही टोकांना खाली वळलेली असते. तिची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा थोडी खचलेली असते आणि पाऊस पडल्यावर ती मिटण्याऐवजी रुंदावते. अशी भेग गवतात लपलेली असते, म्हणून गवत वाळलेले किंवा कापलेले असताना ती शोधणे सोपे जाते.

भेगेच्या खाली जो भाग सरकत असतो, त्याच्या तळाशी जमीन पुढे फुगून येते. बांध बाहेर झुकतो, गटाराची भिंत आत ढकलली जाते, पायवाटेला अकारण उंचवटा येतो. मधल्या भागात विजेचे खांब, कुंपणाचे डांब आणि झाडे कलतात. झाडांच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढू नये. एखादे झाड उजेडाकडे झुकलेले असते, एखादे लहानपणी गुरांनी मोडलेले असते. एकाच पट्ट्यातील निरनिराळ्या जातींची अनेक झाडे एकाच दिशेला कललेली असतील, किंवा बुंधे तळाशी वाकून वर पुन्हा सरळ झालेले असतील, तर ती खूण गंभीर मानावी. बुंध्याचा असा बाक म्हणजे जमीन अनेक वर्षे सरकत असताना झाड पुन्हा पुन्हा सरळ वाढू पाहत होते. घरांमध्ये दार अचानक घासू लागणे, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाणे, ओटा भिंतीपासून सुटणे या गोष्टी बांधकामाच्या दोषानेही होतात. पण एका ओळीतल्या तीन-चार घरांत एकाच पावसाळ्यात त्या दिसल्या, तर गवंड्याला दोष देण्याआधी डोंगराकडे पाहावे.

पाण्याच्या खुणा मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या पोटातली स्थिती सांगतात. जिथे पूर्वी कधी पाणी नव्हते तिथे नवा उमाळा फुटणे, नेहमीचा झरा एकाएकी आटणे किंवा दुसरीकडून वाहू लागणे, आणि एरवी नितळ असलेल्या झऱ्यातून गढूळ, मातीचे पाणी येणे ही आतल्या वाटा बदलल्याची लक्षणे आहेत. त्याहून निकडीची खूण ओढ्यात दिसते. पाऊस जोरात चालू असताना ओढ्याचे पाणी अचानक कमी झाले, तर वर कुठेतरी दरड पडून प्रवाह अडला आहे असे समजावे. तो बांध फुटला की सगळा माल एकदम खाली येतो. पाणी ओसरले म्हणून हायसे वाटण्याची ती वेळ नव्हे, ओढ्यालगतची घरे तत्काळ सोडण्याची आहे.

कड्याखाली पडलेल्या दगडांचेही वय ढोबळपणे ओळखता येते. काळ्या पाषाणाचा नुकता फुटलेला पृष्ठ गडद करडा, स्वच्छ दिसतो. उघड्यावर राहिलेल्या पृष्ठावर तपकिरी पुट चढते, शेवाळ आणि दगडफूल धरते. कड्यात एखादी जागा ताज्या रंगाची दिसत असेल आणि तिच्या खाली ताज्या रंगाचे दगड असतील, तर ती जागा सध्या झडत आहे. दरवर्षी अशा जागा वाढत असतील, तर त्या कड्याखाली गोठासुद्धा बांधू नये.

एवढे पाहिल्यावर मोजमाप हवे, कारण “भेग वाढल्यासारखी वाटते” या वाक्यावर कोणीही घर सोडत नाही, आणि ते साहजिकच आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना, काठापासून थोड्या अंतरावर, लोखंडी सळईचे दोन तुकडे घट्ट ठोकावेत, दोन्हींच्या माथ्यावर रंगाने ठिपका करावा आणि ठिपक्यांमधले अंतर टेपने मिलिमीटरपर्यंत मोजून तारखेसह वहीत लिहावे. एका भेगेवर अशा दोन-तीन जोड्या असाव्यात, म्हणजे एखादी सळई गुरांच्या पायाने हलली तरी नोंद फुकट जात नाही. भिंतीवरच्या भेगेवर सिमेंटचा पातळ पट्टा लावून त्यावर तारीख घालावी. पट्टा तडकला की हालचाल चालू आहे. समोरच्या टेकडीवर एक जागा ठरवून तिथूनच, त्याच चौकटीत, दर महिन्याला मोबाइलने छायाचित्र घ्यावे. पावसाचे मोजमाप करण्यासाठी उभ्या, सरळ भिंतींचा कोणताही डबा मोकळ्या जागी ठेवून रोज ठरलेल्या वेळी आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली, तर तेवढे मिलिमीटर पाऊस झाला असे मानता येते. दहा कोसांवरच्या तालुक्याच्या आकड्यापेक्षा आपल्या डोंगरावरचा हा आकडा अधिक कामाचा असतो, कारण घाटमाथ्यावर दोन खोऱ्यांतला पाऊसही सारखा नसतो. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तसा पाऊस वर पडत असताना खालच्या गावाला त्याची कल्पना येतेच असे नाही.

नोंदी वाचताना भेग किती रुंद आहे यापेक्षा ती किती वेगाने रुंदावत आहे ते पाहायचे. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारी भेग लक्ष ठेवण्याजोगी आहे. आठवड्याला वाढणारी भेग तहसील कार्यालयाला कळवण्याजोगी आहे. आज कालच्यापेक्षा जास्त आणि उद्या आजच्यापेक्षा जास्त, अशी वाढीची गतीच वाढू लागली, तर उतार तुटण्याच्या अवस्थेत शिरला आहे. जपानमधील रेल्वेच्या तज्ज्ञांनी १९६०च्या दशकात या वाढत्या गतीवरून उतार कधी तुटेल याचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली आणि आजची महागडी उपकरणेही मूलतः हीच गोष्ट मोजतात. मात्र एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. मुरमावरचा दीड-दोन मीटरचा उथळ थर अतिवृष्टीत कोणतीही भेग आधी न दाखवता सुटू शकतो. त्यामुळे भेग दिसली नाही याचा अर्थ डोंगर सुरक्षित आहे असा होत नाही. अनेक दिवसांच्या संततधारेनंतर हवामान विभागाने दोनशे मिलिमीटरच्या वरच्या पावसाचा इशारा दिला असेल, तर उताराखालच्या घरांनी रात्र दुसरीकडे काढणे हाच शहाणपणा आहे.

हे काम सरकारी नकाशे करतील, असे कोणी म्हणेल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २०१४ पासून देशभर दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे हाती घेतले आणि ते मोलाचे काम आहे. परंतु ते १:५०,००० या प्रमाणावर आहेत. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर असतो, आणि वाडीमागचा शंभर मीटर रुंदीचा उतार त्यावर दोन मिलिमीटरांत मावतो. कोणत्या पट्ट्यात धोका अधिक हे असा नकाशा सांगतो. कोणत्या घरामागे भेग पडली आहे हे त्याला दिसू शकत नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे दुर्घटनेनंतर विधानसभेत सांगण्यात आले. यादीत नाव नसणे म्हणजे अभय नव्हे, हे त्या रात्रीने फार मोठी किंमत घेऊन दाखवले.

निरीक्षण करणाऱ्यांनी माणसाने केलेले बदलही त्याच वहीत लिहावेत. घर वाढवण्यासाठी किंवा रस्त्यासाठी उताराचा पायथा उभा कापला, की वरच्या थराचा आधार जातो. त्यापुढे बांधलेल्या संरक्षक भिंतीत पाणी जाण्यासाठी नळ्या ठेवलेल्या असतात. त्या मातीने बुजल्या तर भिंतीमागे पाणी तुंबते आणि भिंतच ढकलली जाते, म्हणून मेमध्ये त्या मोकळ्या कराव्यात. तीव्र उतारावर जाड माती असताना पाणी जिरवण्याचे चर खणणे धोक्याचे आहे. माळावर जे काम पुण्याचे ठरते, तेच कड्याखालच्या घसाऱ्यावर पाण्याला थेट पोटात नेते. यंत्राने केलेल्या सपाटीकरणात जुन्या पाणवाटा बुजतात, त्यांची नोंद विशेष काळजीने करावी. आणि तोडलेल्या झाडांची जागा व वर्ष लिहून ठेवावे, कारण झाड तोडल्यावर मुळे लगेच नाहीशी होत नाहीत. ती काही वर्षांनी कुजतात आणि मातीला धरून ठेवणारी त्यांची ताकद तेव्हा संपते. त्यामुळे तोडीनंतरचे दोन-तीन पावसाळे काही झाले नाही, एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

पावसाळ्यात मोठी भेग सापडली, तर पहिले काम तिच्यात पाणी जाऊ न देण्याचे. भेगेच्या वरच्या बाजूने उथळ पाट काढून पाणी बाजूच्या ओढ्याकडे वळवावे आणि भेगेवर चिकणमाती दाबून वर ताडपत्री घालावी. ही तात्पुरती सोय आहे, दुरुस्ती नव्हे, आणि ती पावसाच्या उघडिपीतच करावी. मुसळधार पावसात कोणीही पाहणीसाठी उतारावर चढू नये. तेव्हा समोरच्या बाजूने पाहावे आणि कान उघडे ठेवावेत. झाडे कडाडण्याचा, दगडावर दगड आपटण्याचा किंवा वाढत जाणारी घरघर असा आवाज आला, तर सामान न घेता निघावे. जाताना ओढ्याच्या वाटेने खाली पळू नये, प्रवाहापासून बाजूला, उंच आणि पक्क्या जमिनीवर जावे. सुरक्षित जागी पोहोचताच जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे. एक दरड येऊन गेली म्हणजे संपले असे नसते. उघड्या पडलेल्या माथ्यावरून आणखी माल येऊ शकतो, म्हणून त्या दिवशी कोणीही घरात परत जाऊ नये.

वर्षातली शेवटची फेरी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये घ्यावी. तेव्हा डोंगर हिरवा असतो आणि मातीचा सुटलेला प्रत्येक तुकडा त्या हिरवाईत तांबूस-तपकिरी दिसतो. अशा प्रत्येक जागेची लांबी-रुंदी अंदाजे लिहावी, समोरच्या टेकडीवरून ठरलेले छायाचित्र घ्यावे, सळयांमधली अंतरे पुन्हा मोजावीत आणि वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, दुसरी तहसील कार्यालयात, पोहोच घेऊन द्यावी. मूळ वही मात्र वाडीतच राहावी, कारण पुढच्या मेमध्ये डोंगर चढताना ती हातात असावी लागते.